हवेचा उभा छेद : लायडार, वायुकलिल आणि ढग

लायडार हे उपकरण लेसरचा झोत हवेत सोडते आणि त्यातला जो अंश मागे फिरतो त्यावरून हवेत काय आहे व ते किती उंचीवर आहे हे ओळखते. रडार जे काम रेडिओलहरींनी करते तेच लायडार प्रकाशाने करते. दोघांत फरक तरंगलांबीचा, पण त्या एका फरकाने दोघांच्या नजरेला दिसणारे जग वेगळे होते. रडारच्या काही सेंटिमीटर लांबीच्या लहरींना पावसाचा थेंब दिसतो. मायक्रोमीटरभर आकाराचा मिठाचा, धुळीचा किंवा धुराचा कण त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखाच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र याच कणांच्या आकाराच्या आसपास असते, म्हणून तो त्यांच्यावर आदळून चांगलाच विखुरतो. एरवी न दिसणारी धूळ कवडशात दिसते ती याच प्रकीर्णनामुळे. लायडार त्या प्रकीर्णनाला उंची आणि आकडा देऊ पाहते. उंची ते अचूक देते. आकडा देताना त्याला बरेच काही गृहीत धरावे लागते. हा फरक ध्यानात ठेवला की या तंत्राचा बहुतेक इतिहास आणि बहुतेक अडचणी उलगडतात.

हवेत तरंगणाऱ्या घन व द्रव कणांना एकत्रितपणे एरोसॉल किंवा वायुकलिल म्हणतात. फुटणाऱ्या लाटांतून उडालेले मीठ, रस्त्यांची आणि खाणींची धूळ, डिझेलची काजळी, गंधकाच्या वायूंपासून हवेतच तयार होणारी सल्फेटे, चुलींचा आणि शेतातल्या जाळाचा धूर ही त्यांची मुख्य कुळे. हे कण सूर्यप्रकाश अडवतात, काही तो शोषून भोवतालची हवा तापवतात, श्वासावाटे फुप्फुसात उतरतात. शिवाय ढगाचा प्रत्येक थेंब अशाच एखाद्या कणावर बाष्प जमून तयार होतो. त्यामुळे वायुकलिलांचा अभ्यास आणि ढगांचा अभ्यास यांच्यात भिंत घालता येत नाही.

जमिनीवरच्या प्रदूषणमापक केंद्रात हे कण गाळून मोजता येतात. पण ती मोजणी नाकाच्या उंचीवरच्या हवेची असते. आकाशातून येणारा सूर्यप्रकाश किती मंदावला हे पाहणारा सूर्यप्रकाशमापी संपूर्ण हवेतल्या कणांची एकत्र बेरीज देतो. तीच बेरीज दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत येऊ शकते: सगळे कण खालच्या तीनशे मीटरांत कोंडलेले असतील, किंवा तीन किलोमीटर उंचीवरून परदेशातली धूळ सरकत असेल आणि खाली हवा बऱ्यापैकी स्वच्छ असेल. पहिल्या स्थितीत दमेकऱ्याला त्रास होतो, दुसरीत फक्त सूर्यास्त फिका दिसतो. कोणती स्थिती आहे हे सांगायला हवेचा उभा छेद लागतो, आणि तो दिवसरात्र, मिनिटामिनिटाला देणारे साधन म्हणून लायडारला तोड नाही.

नवी मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकच्या टेकड्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत वस्ती, अशी या शहराची ठेवण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या टेकडीकडच्या अंगाला टीटीसी औद्योगिक क्षेत्र पसरले आहे, खारघरच्या डोंगरापलीकडे तळोजा, आणि दक्षिणेला न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे मानक न गाठणाऱ्या महाराष्ट्रातल्या शहरांत नवी मुंबईचे नाव आहे. या हवेचे वागणे रोज दोनदा बदलते. दुपारी खारे वारे खाडीवरून आत येतात आणि ऊन लागलेली जमीन हवेला वर ढकलते. कोरड्या ऋतूत मिसळणीचा थर, म्हणजेच सीमास्तर, किलोमीटरभर किंवा त्याहून वर जातो. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, मतलई वारे सुटतात आणि मिसळणीचा थर एक-दोनशे मीटरांवर बसतो. कारखान्यांनी आणि वाहनांनी एक कणही जास्त सोडला नाही तरी मिसळायची जागाच पाचपटीने आक्रसल्यावर हवा तितकीच दाट होते. जमिनीवरच्या केंद्राला फक्त वाढलेला आकडा दिसतो. वाढ उत्सर्जनाची की थर खाली आल्याची, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि या दोन रोगांवरचे उपाय मात्र वेगळे आहेत.

प्रकाशाने वरची हवा चाचपण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. १९३० मध्ये सिंज या आयरिश संशोधकाने सर्चलाइटचे झोत वर सोडून वरच्या हवेची घनता मोजण्याची सूचना केली. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये प्रकाशाचे स्पंद सोडून ढगाच्या तळाची उंची मोजली गेली. १९६० मध्ये पहिला लेसर चालला आणि तीनच वर्षांत फिओको व स्मलिन यांनी माणकाच्या लेसरने वरच्या वातावरणातले प्रतिध्वनी टिपले. पुढची प्रगती जगभर जलद झाली.

महाराष्ट्रात या तंत्राचे घर पुण्यात आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, १९८६ च्या ऑक्टोबरपासून आर्गॉन-आयन लेसरवर चालणाऱ्या लायडारने नियमित निरीक्षणे सुरू झाली, पी. सी. एस. देवरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. आजच्या वाचकाला या यंत्राची रचना जरा चमत्कारिक वाटेल. त्याचा हिरवा झोत, ५१४.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तुटक स्पंदांत न येता अखंड वाहत असे. अखंड प्रकाशात प्रतिध्वनी कधी निघाला हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे वेळेवरून उंची काढता येत नाही. म्हणून झोत सोडणारा भाग आणि परतीचा प्रकाश टिपणारी दुर्बीण एकमेकांपासून काही अंतरावर ठेवली होती. दुर्बीण झोताच्या ज्या बिंदूकडे रोखलेली असेल त्या बिंदूची उंची शाळेतल्या त्रिकोणमितीने निघते. दुर्बिणीचा कोन थोडा थोडा बदलत गेले की उभा छेद तयार होतो. हे काम रात्री चाले, कारण दिवसाच्या उजेडात तो मंद प्रकाश हरवून जातो.

ही दोन पायांची रचना संथ होती खरी, पण तिचा एक मोठा फायदा होता. जमिनीलगतचे थर तिला अगदी खालपासून दिसत, आणि पहिल्या किलोमीटरभरात काय घडते हेच तर पुण्यात पाहायचे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, टेकड्यांच्या मधोमध वसलेल्या या शहरात रात्रीची थंड हवा खोलगट भागात साचते. वर्षानुवर्षांच्या या निरीक्षणांतून पुण्याच्या हवेचे ऋतुचक्र स्पष्ट झाले: मोसमी पावसाआधीच्या महिन्यांत, तापलेली जमीन आणि जोरदार वारे यांमुळे कणांचा भार सर्वाधिक, पाऊस लागला की धुऊन निघालेली हवा, आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा हळूहळू भरत जाणे. भारतातल्या एकाच ठिकाणी, इतक्या खालच्या उंचीची, इतकी सलग मालिका दुर्मीळच. पुढे याच संस्थेत ध्रुवणाच्या दोन दिशा वेगळ्या मोजणारे सूक्ष्मस्पंद लायडारही आले. नवी मुंबईच्या अधिक जवळ, पवई आणि खारघर येथे संकुले असलेली समीर ही संस्था वातावरणीय दूरसंवेदनाच्या उपकरणांवर काम करते. तिरुपतीजवळच्या गादंकी येथील मोठ्या वातावरणीय रडारच्या उभारणीत तिचा वाटा होता.

स्पंदांवर चालणाऱ्या आजच्या लायडारचे गणित मुळात साधे आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. एक किलोमीटर वर जाऊन परत यायला त्याला सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात, दहा किलोमीटरसाठी ६७. परतीचा प्रकाश दर १०० नॅनोसेकंदांच्या कप्प्यांत मोजला तर प्रत्येक कप्पा हवेच्या १५ मीटर जाडीचा होतो. सूक्ष्मस्पंद लायडार सेकंदाला दोन-अडीच हजार स्पंद सोडते. प्रत्येकाची ऊर्जा इतकी कमी की डोळ्याला इजा होऊ नये, आणि परतणारा प्रकाश इतका मंद की त्याचे फोटॉन एकेक करून मोजावे लागतात. हजारो स्पंदांची बेरीज केल्यावर एका मिनिटाचे चित्र उमटते. दिवसा आकाशाचाच उजेड दुर्बिणीत शिरतो, म्हणून लेसरच्या रंगाखेरीज बाकी सारे अडवणारी अरुंद गाळणी आणि अतिशय अरुंद दृष्टिक्षेत्र वापरावे लागते.

परत आलेल्या प्रकाशावर तीन गोष्टींचा परिणाम झालेला असतो. अंतर वाढते तसा तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ही घट गणिताने भरून काढता येते. कणांनी किती प्रकाश मागे वळवला हे पश्चप्रकीर्णन, आणि जाता-येता वाटेत किती प्रकाश गळाला हे क्षीणन. खरी अडचण इथे आहे. समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन. १९८१ मध्ये क्लेट यांनी आणि १९८४ मध्ये फर्नाल्ड यांनी दिलेल्या पद्धती आजही वापरल्या जातात, पण दोन्हींना क्षीणन आणि पश्चप्रकीर्णन यांचे गुणोत्तर आधीच ठरवून द्यावे लागते. या लायडार-गुणोत्तराचे मूल्य समुद्री मिठासाठी २० ते ३० च्या आसपास, वाळवंटी धुळीसाठी ४० ते ५५, तर शहरी धूर व जाळाच्या धुरासाठी बहुधा ६० ते ८० असते. किनाऱ्यावरच्या शहरात दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येते आणि रात्री टेकड्यांकडून धूर उतरतो. दिवसभरासाठी एकच गुणोत्तर धरले तर निघालेला आकडा निम्म्याने चुकू शकतो. थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मात्र गुणोत्तर कितीही चुकले तरी ठळक दिसते. रंगीत लायडार-आलेख पाहताना थरांच्या कडांवर भरवसा ठेवावा. रंगांच्या शेजारी छापलेले आकडे जरा सांभाळून घ्यावेत.

शुद्ध हवेचे रेणूही प्रकाश विखुरतात, आणि हा भाग वेगळा काढावा लागतो. हे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते. म्हणजे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या तुलनेत १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात ते सोळाव्या हिश्श्यावर येते. रेणूंचा वाटा हवेच्या घनतेवरून काढता येतो, त्यासाठी हवामान खात्याच्या फुग्यांनी मोजलेले तापमान आणि दाब उपयोगी पडतात. मुंबईत असे फुगे सांताक्रूझहून सोडले जातात. वर जिथे कण जवळपास नाहीत अशी स्वच्छ हवा सापडली, तर तिचाच आधार घेऊन यंत्राचे मापन ताळ्यावर आणता येते.

गुणोत्तराच्या पेचातून सुटायचा एक मार्ग भारतीय विज्ञानाच्या ओळखीचा आहे. १९२८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह कोलकात्यात दाखवले की रेणूंवरून विखुरताना प्रकाशाचा अगदी थोडा भाग आपला रंग बदलतो. ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश नायट्रोजनवरून विखुरला की त्यातला हा भाग ६०७ नॅनोमीटरवर येतो. नायट्रोजन हवेत किती आहे हे ठाऊक असते, त्यामुळे ६०७ वरचा प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी आला तर ती तूट कणांमुळे झालेल्या क्षीणनाची. दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे मिळतात आणि गुणोत्तर गृहीत धरायची गरजच उरत नाही. किंमत मोजावी लागते ती उजेडाची: हा प्रकाश मूळ प्रतिध्वनीच्या हजाराव्या हिश्श्याइतका क्षीण, म्हणून रामन-लायडारचे उत्तम काम रात्रीच होते.

कण कोणत्या कुळातला आहे हे ओळखायला ध्रुवण मदत करते. लेसरचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो. गोल थेंबावरून तो सरळ मागे फिरला तर कंपनाची दिशा टिकते. वेड्यावाकड्या कणावरून फिरला तर त्यातला काही भाग काटकोनातल्या दिशेत जातो. दमट हवेत विरघळून थेंब झालेले मीठ आणि सल्फेटे विध्रुवण जवळजवळ दाखवत नाहीत, वाळवंटी धूळ सुमारे ०.३ पर्यंत दाखवते, बर्फाचे स्फटिक त्याच्याही पुढे जातात. २०२२ च्या जानेवारीत पश्चिमेकडून आलेल्या धुळीने मुंबई आणि पुण्याचे आकाश करडे झाले होते. अशा प्रसंगी धूळ स्थानिक नाही हे विध्रुवण आणि थराची उंची मिळून सांगतात. धुळीचा थर कधी वरून तरंगत जातो, कधी मिसळणीच्या थरात उतरून जमिनीला टेकतो, आणि प्रदूषणाचा आकडा चढतो तो दुसऱ्या वेळी.

ढगांकडे वळले की लायडारचे बळ आणि मर्यादा दोन्ही एकदम समोर येतात. ढगाच्या तळाशी प्रतिध्वनी अचानक शेकडो पटीने वाढतो, त्यामुळे तळाची उंची सहज आणि अचूक मिळते. पण दाट ढगात शंभर-दोनशे मीटर शिरेपर्यंत झोत संपून जातो. मोसमी पावसाच्या भरगच्च ढगाचा माथा जमिनीवरच्या लायडारला दिसत नाही. शिवाय ढगात प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर असा अनेकदा आपटून परततो, आणि गोल थेंबांच्या ढगातही खोटे विध्रुवण दिसू लागते. पाण्याचा ढग की बर्फाचा हे ठरवताना हे लक्षात न घेतल्यास फसगत होते. कोकणावर पावसाळ्यात शून्य अंश तापमानाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिच्या बऱ्याच वरही पाणी न गोठता थेंबांच्या रूपात टिकू शकते. दहा ते सोळा किलोमीटरवरचे सिरस ढग कधी कधी इतके पातळ असतात की डोळ्यांना निळे आकाशच दिसते, पण लायडारला त्यांचे बर्फ दिसते.

ढगाच्या आतले थेंब हातात घेऊन मोजायचे तर डोंगर किंवा विमान लागते. आयआयटीएमने २००९ पासून ढग व वायुकलिल यांच्या परस्परसंबंधासाठी विमानाने मोहिमा केल्या आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा उभारली. तिथे पावसाळ्यात ढग स्वतःच खिडकीशी येतात. अशा थेट मोजण्यांवाचून लायडारच्या आकड्यांची पडताळणी होत नाही.

रोजच्या वापरात लायडारचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे विमानतळावरचे सीलोमीटर. सरळ वर रोखलेले हे छोटे, माणसावाचून चालणारे यंत्र ढगाच्या तळाची उंची देते आणि ती वैमानिकाला फुटांत कळवली जाते. उलवे येथील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली; खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या अशा जागी पावसाळ्यात ढग किती खाली आहेत ही माहिती उतरण्याच्या निर्णयाची असते. जोरदार सरीत मात्र थेंबांचाच प्रतिध्वनी ढगाचा तळ झाकून टाकतो आणि यंत्राला तळाऐवजी उभी दृश्यमानता कळवावी लागते. अलीकडच्या सीलोमीटरवरून सीमास्तराची उंचीही काढतात, पण अनेक यंत्रे ९१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात आणि तो बाष्पात थोडा शोषला जातो. कोकणच्या दमट हवेत ही दुरुस्ती टाळून चालत नाही.

उपग्रहावरचे लायडार हेच काम वरून करते. २८ एप्रिल २००६ रोजी सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने सुमारे ७०० किलोमीटरवरून ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरचे झोत खाली सोडत २०२३ पर्यंत जगभरचे उभे छेद दिले. मे २०२४ मध्ये गेलेला अर्थकेअर ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने ही परंपरा चालवतो. अरबी समुद्रावरून येणारी धूळ किंवा ढगांचे माथे पाहायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. शहरासाठी मात्र त्यांचा उपयोग मर्यादित आहे: झोताचा जमिनीवरचा ठिपका काही दशक मीटरांचा, मार्ग एका शहरावरून क्वचितच जाणारा, आणि ढग आला की खालची हवा झाकलेली.

म्हणून नवी मुंबईच्या हवेसाठी जमिनीवरचे लायडारच हवे, आणि ते निवडताना एका तांत्रिक तपशिलाला महत्त्व द्यावे लागते. झोत आणि दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र शेजारी शेजारी असले तर ते काही उंचीवर गेल्यावरच एकमेकांत पूर्ण मिसळतात. त्याखालचा भाग यंत्राला अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही. कित्येक यंत्रांत हा आंधळा पट्टा शंभर ते तीनशे मीटरांचा असतो, आणि हिवाळ्याच्या रात्री या शहराचा सारा धूर नेमका त्याच पट्ट्यात असतो. पुण्याच्या जुन्या, दोन पायांच्या लायडारला ही अडचण नव्हती. आजचे उपाय दोन: एकाच भिंगातून झोत सोडणारी व परतीचा प्रकाश घेणारी रचना, किंवा झोत जवळजवळ आडवा करून खाडीपासून पारसिकच्या उतारापर्यंत फिरवणे. आडवा झोत फिरवायचा तर तो डोळ्याला निर्धोक असायलाच हवा आणि विमानतळाच्या परिसरात त्यासाठी परवानगीही लागते. खाडीवरच्या हवेतले मीठ काचेवर बसते तेव्हा प्रतिध्वनी हळूहळू मंदावतो आणि हवा स्वच्छ झाल्याचा भास होतो, म्हणून काच पुसण्याची नोंद निरीक्षणांच्या नोंदीइतकीच काटेकोर ठेवावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात हाती लागते ते मुख्यतः ढगांचे तळ आणि सरींच्या मधल्या धुतलेल्या हवेचे छेद. थरांचे खरे वाचन ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत करायचे असते.